पेन्सिलने लिहिलेलं नाव

दवाखान्यात काही विचारलं आणि कळलं नाही, तर मान हलवू नका. "कळलं नाही" म्हणा. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी हलवली होती. त्याचं काय झालं ते सांगतो. जर्मनीत हॉटेलांच्या किचनमध्ये आपली बरीच माणसं आहेत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना ती दिसत नाहीत, कारण कार्यक्रम शनिवारी असतो आणि शनिवारी आमची ड्युटी असते. त्यातल्या कुणाला माझ्यासारखं झालं तर उपयोग व्हावा, म्हणून लिहितोय. मी सातवीत शाळा सोडली. अनिकेत म्हणून एक इंजिनियर मुलगा आहे, तो तपासून देतो म्हणाला. त्याला सांगितलंय, शुद्धलेखन बघ, बाकी हात लावू नको.

आणि मी बरा होऊन लिहितोय असं नाही. तेही आधीच सांगून ठेवतो.

गाठ

मी विलास जगदाळे. गाव कोरेगाव तालुक्यात. तंदूरच्या भट्टीवर सोळा वर्षं झाली. आधी साताऱ्याला हायवेच्या हॉटेलात, मग पुणे, मग दुबई, आणि तीन वर्षांपूर्वी इथे, झिंडेलफिंगेनला. गावी बायको रेखा आणि दोन मुली. थोरली बारावीला, धाकटी आठवीला.

दिवाळीच्या आसपास मानेत गाठ लागली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. नान लावायला भट्टीत वाकलो की कॉलर तिला घासायची. घाम फार यायचा, पण भट्टीपुढे कुणाला येत नाही? वजन उतरलं तेव्हा शेफ म्हणाला, "विलास, हिरो दिसायला लागलास." मी दोन महिने मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसलो. ते दोन महिने आज मला फार आठवतात.

रिपोर्ट सांगायला बसवलं ती डॉक्टर तरुण मुलगी होती. हळू बोलत होती, तरी मला समजेना. तिने खुणेने विचारलं, फोन करायला कुणी आहे का. मग अनिकेतला लावला. तो आमच्या हॉटेलात जेवायला यायचा, पुण्याचा, गाड्यांच्या कारखान्यात कामाला. "काका, काही कागद आला तर मला फोटो पाठवा," असं म्हणून नंबर देऊन ठेवला होता. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. डॉक्टर त्याच्याशी बोलली.

"काका, आल्झो... म्हणजे, त्या म्हणतायत की गाठीचा रिपोर्ट आलाय."

"बरं."

"तुम्ही बसलाय ना?"

"बसलोय."

डॉक्टर फोनकडे बघतेय, मी फोनकडे बघतोय. तो मीटिंगमधून उठून आला असणार, मागे कुणीतरी हसत होतं.

"काका, कॅन्सर आहे," तो म्हणाला. "सॉरी काका."

जणू त्याच्याच हातून काही सांडलं होतं. आणि मी त्याला विचारलं, "तू जेवलास का?" असं का विचारलं, मला अजून कळलेलं नाही.

त्याच दिवशी भरती केलं. खिडकीतल्या बाईने कॉम्प्युटरवर बघत एकामागून एक प्रश्न विचारले. मी प्रत्येकाला "या" म्हणालो, म्हणजे जर्मनमध्ये हो. किचनमध्ये आम्हाला तीच सवय. शेफ ओरडला की आधी "या" म्हणायचं, काय म्हणाला ते नंतर शोधायचं. त्यातला एक प्रश्न धर्माचा होता, हे मला महिन्याभराने कळलं.

दुपारचे तीन

दवाखान्यात सकाळ लवकर होते आणि मग संपत नाही. ताप बघतात, रक्त काढतात, बाटली लावतात. संध्याकाळी पाचला थंड पाव आणि चीज येतं. सोळा वर्षं लोकांना गरम जेवू घातलं, आणि आता स्वतः थंड पावाकडे बघत बसायचं.

सगळ्यात वाईट वेळ दुपारी तीनची. तीनला भेटायला माणसं येतात. दुसऱ्यांची.

पहिल्या रविवारी मंडळाचे सात जण एकदम आले. तीन डबे, पुरणपोळ्या. मला लाळही गिळवत नव्हती. "काका, काहीही लागलं तर नक्की सांगा हं," असं प्रत्येकाने म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. कुणाचं बाळ लहान, कुणाच्या नोकरीचं खरं नाही. पण लागलं तर सांगा म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस सांगत नाही. काय सांगणार? माझ्या चड्ड्या धुऊन आणा?

रेखाला मी सर्दी सांगितली होती.

फ्राऊ केसलर, म्हणजे केसलरबाई, पहिल्यांदा आल्या तो बुधवार होता. बरोबर तीन. वय पंचाहत्तरच्या पुढे, निळा रेनकोट, हातात चार घड्यांचा कागद. कागदावर बोट फिरवत म्हणाल्या, "हेर यागडाले?" हेर म्हणजे मिस्टर, आणि इथले लोक ज चा य करतात. त्या जवळच्या कॅथलिक चर्चकडून पेशंटना भेटायला येत. आयुष्य पोस्टात गेलेलं, नवरा वारलेला. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की एक बाई माझं नाव शोधत आली.

त्यांनी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. कपाट उघडलं, खालची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "हे मळके?"

"या," मी म्हणालो. ते एक "या" तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी कपडे घेऊन आल्या. बनियनला इस्त्री. चड्डीला इस्त्री. माझ्या लग्नातसुद्धा एवढे कडक कपडे मी घातले नव्हते. त्या गेल्यावर मी चादरीत तोंड घालून रडलो.

रविवारी त्या परत आल्या, एक छोटी गोल पितळी डबी घेऊन. काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी हात जोडून प्रार्थना म्हटली, मीही जोडले. मग डबीतून पांढरी, पातळ, नाण्याएवढी चकती काढली, समोर धरली, काहीतरी म्हणाल्या आणि थांबल्या. मी म्हणालो, "या."

डाव्या हातावर उजवा तळवा ठेवला, चकती घेतली, कपाळाला लावली आणि खाल्ली. प्रसाद आपण असाच घेतो. कुठल्या का देवाचा असेना, प्रसादाला नाही म्हणू नये, हे आईने शिकवलेलं. वर बघितलं तर फ्राऊ केसलरचे डोळे भरलेले. मला वाटलं, आपण काहीतरी बरोबर केलं.

असे चार रविवार झाले.

लिसी सिस्टर

वॉर्डात लिसी नावाची केरळची सिस्टर होती. माझ्याशी हिंदी बोलायची, तेवढाच जिवाला आधार. चौथ्या रविवारी सलाईन बदलता बदलता तिने दुरून सगळं बघितलं. फ्राऊ केसलर गेल्यावर आली.

"भैया, आप कॅथलिक हो?"

"नाही गं बाई. का?"

"तो लिया क्यों?"

"दिलं म्हणून घेतलं. प्रसाद आहे ना?"

तिने हातातली बाटली खाली ठेवली. "प्रसाद नहीं है, भैया. हमारे लिए वो येशू का शरीर है. बाप्तिस्मा नहीं हुआ तो नहीं लेते. आपके फॉर्म में कॅथलिक लिखा है, इसलिए वो आती है."

मी विचारलं, "आता?"

"बताना पडेगा."

"सांगितलं तर यायच्या बंद होतील."

लिसीने बाटली परत उचलली. मग म्हणाली, "वो मैं नहीं जानती." आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मी ठरवलं, पुढच्या बुधवारी सांगायचं. पण त्याआधीच मला घरी सोडलं, आणि घर कुठे होतं?

खोली

हॉटेलच्या वरच्या खोलीत माझी खाट होती. मालक वाईट माणूस नाही. पण भट्टी बंद ठेवता येत नाही, नवीन माणूस आला होता आणि खोलीत आम्ही दोघं. तो खोकत होता. डॉक्टरने बजावलेलं, खोकणाऱ्याजवळ जायचं नाही. खालून फोडणीचा वास आला की मला ओकारी यायची. व्हिसा कामाला बांधलेला, काम भट्टीला बांधलेलं, आणि मला जिना चढवत नव्हता.

फ्राऊ केसलर कपडे द्यायला आल्या, त्यांनी खोली बघितली. तिसऱ्या दिवशी मी चर्चशेजारच्या घरात होतो. ते घर फादरचं. आता एकच फादर चार चर्चं सांभाळतात आणि दुसऱ्या गावी राहतात, त्यामुळे घर रिकामं, नाताळच्या सामानाच्या खोक्यांनी भरलेलं. खालची खोली त्यांनी मोकळी केली.

त्या घराच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता होता. सात नावं. त्यातलं सगळ्यात तरुण माणूस अडुसष्ट वर्षांचं. कुठल्या वारी कोण सूप आणणार, किमोला गाडीतून कोण नेणार, कोण नुसतं बसायला येणार. आमच्या किचनमध्ये ड्युटीचा असतो, हुबेहूब तसा तक्ता. शुक्रवारी हेर फोख्ट यायचे. ते अबोल, जरा खडूसच. सूप ठेवायचे, पेपर वाचत तासभर बसायचे, निघताना हीटर गरम आहे ना ते हाताने बघायचे. त्यांना मी आवडत होतो असं मला वाटत नाही. पण शुक्रवार त्यांचा होता.

मी तेव्हा पडल्या पडल्या याचा फार विचार केला. चांगली माणसं सगळीकडे असतात, आपल्याकडे काय कमी आहेत? पण या म्हाताऱ्या लोकांनी चांगुलपणाची ड्युटी लावली होती. कुणाला दया आली की यायचं, असं नव्हतं. तुम्ही सांगा मग येतो, असंही नव्हतं. मंगळवार आला की मंगळवारचं माणूस आलं. आजाऱ्याला मागावं लागलं नाही. मागावं न लागणं केवढं मोठं असतं, ते ज्याला दुसऱ्याच्या दारात पडावं लागलंय त्यालाच कळेल.

आणि हे सगळं मी खोटं बोलून खात होतो.

रविवारी फ्राऊ केसलर डबी घेऊन आल्या की मी पोटात कळ आहे म्हणायचो. दोनदा म्हटलं. केस गेले, तोंड आतून सोललं. पहिल्या औषधांनंतर जे स्कॅन केलं त्यात गाठी जेवढ्या जायला हव्या होत्या तेवढ्या गेल्या नव्हत्या. डॉक्टरने कारण सांगितलं. मला कारण आधीच माहीत होतं. दुसऱ्यांच्या देवाला मी फसवून खाल्लं, तो मला औषध लागू देत नाही. दिवसच्या दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. पुढच्या किमोला जायचंच नाही, असं एक-दोनदा मनात पक्कं झालं होतं. कुणी विचारलं असतं तर कारणही सांगता आलं नसतं, एवढं आत सगळं विझलं होतं.

रेखा

रेखाला शेवटी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. व्हिडिओ कॉल केला आणि टोपी काढायला लावली.

"किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"मी इथे संक्रांतीचं हळदीकुंकू करत होते. बायकांना वाण वाटत होते. आणि तुम्ही तिथे..." तिने पदर तोंडाला लावला. "मला परकी केलीत तुम्ही."

आठवडाभर ती माझ्याशी नीट बोलली नाही, मुलींच्या हाती फोन द्यायची. आजाराने जेवढं दुखलं नाही तेवढं ते दुखलं. मग एक दिवस मी तिला चकतीचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, सगळं.

"अहो, सांगून टाका त्यांना," ती म्हणाली.

"बाहेर काढलं तर?"

"काढलं तर या घरी."

"घरी कशाला येऊ? मरायला?"

मग ती म्हणाली, "एक माझ्यापासून लपवलंत. आता त्या म्हातारीपासून लपवताय. किती ठिकाणी लपवत राहणार आहात?"

बुधवार

जर्मन वाक्यं मी पाठ केली होती; त्यांचं सावकाश बोलणं मला एव्हाना समजायला लागलं होतं. फ्राऊ केसलर तीनला आल्या, चहा केला, कप हातात घेतला, आणि मी म्हणालो, "मी कॅथलिक नाही. मी हिंदू आहे. रविवारी घेतलं ते चुकलं. मला माहीत नव्हतं. मग माहीत झालं, तरी सांगितलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "चार वेळा," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही कपाळाला लावत होतात."

"हो."

"मला वाटलं, भारतातले कॅथलिक असंच घेतात." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "इतकं सुंदर वाटलं मला ते. चर्चमध्ये मीही तसंच घ्यायला लागले होते."

मग उठल्या. रेनकोटची सगळी बटणं एकेक करून लावली. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर ठेवले आणि निरोप न घेता गेल्या.

शुक्रवारी हेर फोख्ट आले. सूप, पेपर, हीटर. काही बोलले नाहीत. ते तसेही बोलत नसत, त्यामुळे मला काहीच कळेना. पुढच्या बुधवारी मी तीन वाजता दाराकडे बघत बसलो. सव्वातीन. साडेतीन. चार. कुणी आलं नाही. त्या घरात पहिल्यांदाच कुणाची ड्युटी चुकली होती. मी कपाटातून बॅग काढली आणि हाताला येईल ते कोंबून भरली. कुठे जाणार होतो, मला माहीत नव्हतं. भरलेली बॅग पायाशी घेऊन खाटेवर बसून राहिलो. मला वाटतं, माझ्या सगळ्या आजारपणातला तळ तोच. कॅन्सर सांगितला तेव्हा निदान फोनवर कुणीतरी होतं.

शनिवारी सकाळी फ्राऊ केसलर आल्या.

"बुधवारी आले नाही. फादरकडे गेले होते. त्यांना तेव्हाच वेळ होता." त्या खुर्चीत बसल्या. एकदम फार म्हाताऱ्या दिसल्या. "चूक माझी आहे. विचारणं माझं काम होतं. बावीस वर्षं मी डबी घेऊन फिरते. यादीत नाव दिसलं की उघडायची. तुम्ही कॅथलिक आहात का, असं माणसाला कधी विचारलंच नाही."

"माझी खोली?" मी म्हणालो.

"खोलीला काय झालं?" त्यांना खरंच कळलं नाही. मग त्यांची नजर बॅगेवर गेली. त्यांनी चेन उघडली, चुरगळलेली बनियनं बाहेर काढली आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांना राग आला. "आल्झो, हेर यागडाले. यांना मी इस्त्री केली होती."

मांडीवर घेऊन एकेक कपडा परत घडी केला. कपाटात ठेवला. रिकामी बॅग खाटेखाली सरकवली. खोलीबद्दल आमचं तेवढंच बोलणं झालं.

यादी

दुसऱ्या, जास्त कडक औषधासाठी मला परत भरती केलं. या वेळी खिडकीत अनिकेत बरोबर होता. कॅथलिक खोडून घेतलं. म्हणजे आता दवाखान्याकडून चर्चला जी यादी जाते तिच्यात माझं नाव येणार नव्हतं. हे मला फॉर्म भरून झाल्यावर सुचलं, आणि कागद परत मागावासा वाटला. सुधारणा केली ती बरोबरच होती. पण भीतीला बरोबर-चूक कळत नाही.

बुधवारी तीनला त्या आल्या. चार घड्यांचा कागद माझ्या खाटेवर उघडला. छापलेली अकरा नावं. सगळ्यात खाली, पेन्सिलने, माझं.

आता रविवारी त्या डबी घेऊन शेजारच्या खाटेवरच्या आजोबांकडे जातात. त्यांची प्रार्थना चालते तेव्हा मी हात जोडून खिडकीकडे तोंड करतो. मग त्या माझ्याकडे येतात, घरच्या गोड पावाचा तुकडा कागदात गुंडाळलेला असतो. मला खाववत नाही. त्या ठेवून देतात.

गेल्या गुरुवारी नव्या स्कॅनचा रिपोर्ट सांगायला समोरच्या इमारतीत बोलावलं. अनिकेत सुट्टी काढून आला होता, फोनवर नको म्हणाला. डॉक्टर मुलगी पहिल्यासारखी खात्रीने बोलत नव्हती. अजून एक औषध आहे, करून बघू, असं म्हणाली. करून बघू म्हणजे काय, ते मला जर्मनमध्येही कळलं. अनिकेत लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, सगळं नीट होईल." मंडळातल्या लोकांनीही तसंच लिहिलं. रेखाही तसंच म्हणते, आणि रात्रभर झोपत नाही, असं थोरली मला हळूच सांगते.

फ्राऊ केसलर बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून होत्या, माझा कोट मांडीवर घेऊन. गुरुवार त्यांचा नव्हता. मी सांगितलं, लागू पडलं नाही. मी विचारलं, "मी बरा होईन?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. कोट धरला, माझा एकेक हात बाहीत घातला. "बुधवारी तीनला येते."

ती सात माणसं म्हातारी आहेत. हेर फोख्टना परवा जिन्यात चक्कर आली, शुक्रवारच्या रकान्यात आता रेघ आहे, असं कळलं. चर्च तीन आठवड्यांतून एकदाच उघडतं, पुढे तेही राहील की नाही, कुणी सांगत नाही. यांच्यामागे तक्त्यावर कोण नाव घालणार? आणि पेन्सिलने लिहिलेलं खोडता येतं, तेही मला कळतं.

आज सोमवार आहे. बुधवारला दोन दिवस आहेत. त्याच्या पुढचं मी बघत नाही.